पंचाहत्तर वर्षांचा खळगा

कोचवाले कुणाच्याही घरी गेले की लगेच बसत नसत. आधी बैठकीवर तळहात टेकवायचा, हलकेच दाबायचा, मान कलती करून आतली कुरकुर ऐकायची, आणि मग बसायचं, तेही काठावर. एकदा सांत्वनाला गेले असताना त्यांचा हात नकळत सोफ्याच्या पोटाखाली गेला. तिथली नवारीची पट्टी सुटली होती. घरची मंडळी डोळे पुसत होती आणि कोचवाले वाकून पट्टी ओढून बघत होते. बायकोने असा चिमटा काढला की त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि वेळ निभावली.

"माणूस गेलंय त्यांचं," बाहेर आल्यावर ती म्हणाली. "सोफा नाही."

"सोफाही जायच्या बेतात आहे. चार दिवसांनी येऊन करून देतो."

त्रेसष्ट वर्षांचे हे गृहस्थ अठराव्या वर्षापासून खुर्च्या, सोफे आणि कोच मढवत आले होते. दुकान म्हणजे एक लांबट खोली, रस्त्याच्या बाजूला उंच खिडकी, डावीकडे न्हावी, उजवीकडे किल्ल्या करणारा. मागच्या दाराने चार पायऱ्या चढलं की घर. घरात बायको आणि बायकोची आई. वडिलांकडून त्यांना हातोडी मिळाली, दाभण मिळालं आणि एक वाक्य मिळालं: चांगल्या खुर्चीची आठवण राहत नाही. माणूस बसला, उठला, कामाला लागला. खुर्ची लक्षात राहिली म्हणजे कुठेतरी टोचली.

काम करताना ते पंधरा-वीस बारीक खिळे तोंडात धरत, जिभेने एकेक पुढे आणत आणि चुंबकाच्या हातोडीने उचलून ठोकत. त्यामुळे दिवसाचा बराचसा वेळ त्यांचं बोलणं एकाच अक्षरात आटपे. हं. होकाराचा हं, नकाराचा हं, 'कळलं, पण पटलं नाही' असा हं. बायकोला सगळे ओळखू येत. इतरांना ज्याला जो हवा तो हं ऐकू येई, आणि म्हणून कोचवाल्यांचं कुणाशी वाकडं नव्हतं.

त्याच शहरातून मनोविश्लेषणाचं एक आंतरराष्ट्रीय त्रैमासिक निघत असे. बाहेर तीस देशांत ते लोकांना ठाऊक होतं, शहरात फारसं कुणाला नव्हतं. त्याला पंचाहत्तर वर्षं होणार होती. एका सोमवारी त्याचे सचिव, काडीसारखे बारीक आणि काखेत फाईल, एक कोच हातगाडीवर घालून घेऊन आले. लांब, एका टोकाला उशीसारखा उचललेला, गर्द हिरव्या कापडाचा. त्रैमासिक ज्यांनी काढलं त्या डॉक्टरांच्या खोलीतला.

"एक पाय हलतोय, तेवढा बघा," सचिव म्हणाले. "आणि मधे एक स्प्रिंग वर आलीय, ती काढा. बाकी काही करायला नको."

"हं," कोचवाले म्हणाले.

पाय दहा मिनिटांत झाला. स्प्रिंग काढायला त्यांनी एक बाजू उसवली आणि आत डोकावून ते सुन्न झाले. पट्ट्या लोंबत होत्या. भरणाचा भुगा झाला होता. वर आलेल्या स्प्रिंगवर कुणीतरी कधीकाळी चिंधीची घडी कोंबून ठेवली होती, दुखऱ्या दातात कापूस कोंबावा तशी. आणि वरच्या अंगाला डोक्यापासून टाचेपर्यंत हा एवढा खळगा. पंचाहत्तर वर्षांत या बिचाऱ्याकडे कुणी बघितलंच नाही, या विचाराने त्यांना भरून आलं. लोकांची मनं दुरुस्त करायची आणि ज्यावर पडून ती करायची त्याचे हे हाल.

तेवढंच करायला सांगितलं होतं, हे खरं. पण मोडक्या कोचाला नुसता पाय लावून परत पाठवणं त्यांच्या हाताला जमलं नसतं. आपल्याकडून वर्धापनाची भेट, असं मनाशी म्हणून त्यांनी तीन दिवस दुसरं काही हातात घेतलं नाही. हिरवं कापड एक धागा न तुटू देता उतरवलं, झटकलं, बाजूला ठेवलं. आत सगळं नवं घातलं. जुना भुगा कचऱ्याच्या गाडीत गेला. मग तेच कापड त्याच जुन्या भोकांतून टाके घालत परत बसवलं. गुरुवारी कोच तयार झाला तेव्हा ताटात पाणी ओतावं तसा सपाट होता.

सचिव आले. कोचाकडे बघितलं, भोवती एक फेरी मारली, परत बघितलं.

"खळगा कुठे आहे?"

कोचवाल्यांनी खिळे वाटीत काढून ठेवले. असं कौतुक रिकाम्या तोंडाने ऐकायचं असतं. "गेला," ते म्हणाले. "नावाला शिल्लक नाही."

सचिव मागच्या मागे खुर्चीत बसले. ती खुर्ची दुरुस्तीला आलेली होती आणि तिला तळ नव्हता. गुडघे छातीला लागलेल्या अवस्थेत, फाईल तशीच काखेत, त्यांनी सगळं सांगितलं. वर्धापनाच्या अंकाच्या मुखपृष्ठावर हा खळगा येणार होता. वरून घेतलेलं छायाचित्र, एका बाजूने उजेड, बस. संपादकबाईंनी दोन वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. या कोचावर माणूस पडायचा, डॉक्टर त्याच्या डोक्यामागे बसायचे, दिसायचे नाहीत, आणि माणूस मनात येईल ते बोलायचा. त्रैमासिकात आजवर जे छापलं गेलं त्यातलं निम्मं आधी या खळग्यात बोललं गेलं होतं.

"छायाचित्रकार पुढच्या शनिवारी येतोय," सचिव म्हणाले. "बाई एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. तरुणपणी त्या स्वतः सहा वर्षं या कोचावर पडत होत्या. त्यांना मी काय सांगू? सपाट झाला म्हणून?"

कोचवाल्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. इतक्या वर्षांत त्यांचं काम कधी परत आलं नव्हतं. आणि आलं ते असं, नीट केलं म्हणून.

"बाईंना काही सांगू नका," ते म्हणाले. "बिघडवलं मी, निस्तरीन मी. शनिवारी खळगा हजर असेल."

"कसा?"

"हं," कोचवाले म्हणाले. तोंडात खिळे नव्हते तरी.

पहिल्या दिवशी त्यांनी वाळूची पोती ठेवून बघितली. संध्याकाळी काढली तर कोचावर बादली बसवल्यासारखे तीन खड्डे. निर्जीव. पोत्याला कूस बदलता येत नाही. त्यांनी पुन्हा सगळं थोपटून सारखं केलं आणि डोक्याला हात लावून बसले. दाढीचा फेस खांद्यावर तसाच घेऊन शेजारचा न्हावी आत आला.

"पंचाहत्तर वर्षं कुठून आणणार तू?" न्हावी म्हणाला. "माणसं आण. आपल्या गल्लीत माणसांना काय तोटा? सगळ्यांची तक्रार एकच, पाठ टेकायला मिळत नाही."

सुरुवात घरातून झाली. सासूबाईंना नाहीतरी दुपारी पडायचंच असे. बायकोने त्यांना धरून पायऱ्या उतरवल्या, कोचावर निजवलं आणि म्हणाली, "आई, तासभर हलायचं नाही. जावयाची अब्रू तुझ्या पाठीखाली आहे."

कोचवाल्यांचं कामाचं स्टूल खिडकीपाशी होतं, म्हणजे नेमकं कोचाच्या डोक्याशी. ते खिळे तोंडात घालून एका आरामखुर्चीला लागले. सासूबाई छताकडे बघत राहिल्या. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं. पंधरा मिनिटं झाली असतील.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "एक सांगू? राग नाही ना यायचा?"

"हं."

"तुम्ही मला खुर्ची करून दिलीत ना, अकरा वर्षांपूर्वी, मी इथे राहायला आले तेव्हा. तिचे हात उंच झालेत. खांदे वर येतात. बसलं की मी कावळ्यासारखी दिसते."

ठोकता ठोकता हातोडी हवेत राहिली.

"इतक्या प्रेमाने केलीत, कसं सांगायचं? म्हणून बसत राहिले." मग पदर सारखा करत, "तशी मी पुष्कळ ठिकाणी बसत राहिले हो. सासरी पण तसंच."

आणि मग अकरा वर्षांत जी बाई जावयाशी 'चहा घेतलात का' याच्या पुढे गेली नव्हती ती पाऊण तास बोलली. उठताना हलकी होऊन उठली. मुलीला म्हणाली, "उद्या परत माझी पाळी लाव."

बायको मात्र कोचावर पडायला तयार नव्हती. "माझं जे काय असतं ते मी उभ्यानेच बोलते," ती म्हणाली, आणि ते गल्लीत सर्वांना मान्य होतं. तिने व्यवस्था हातात घेतली. भिंतीवरच्या पाटीवर पाळ्या लिहिल्या. जाड माणसामागून बारीक, उंचामागून बुटका, म्हणजे खळगा एकाच मापाचा व्हायला नको. बूट दारात. कुशीवर वळायला परवानगी, उडी मारायला नाही.

किल्ल्या करणारा आला, शाळामास्तर आले, टपाल वाटणारी आली. सगळे निवांत पडायला म्हणून येत आणि दहा-पंधरा मिनिटांत बोलायला लागत. आपण काही विशेष करतोय असं कोचवाल्यांना वाटलंच नाही. ते टाके घालत होते. कधी हं म्हणत होते. मास्तरांनी सांगितलं, वर्गात हसू येतं तेव्हा ते खडू उचलायला वाकतात, आणि चाळीस वर्षांत एवढे वाकलेत की पाठ गेली. टपालवालीने सांगितलं, दुसऱ्यांची पत्रं वाटून वाटून तिने गेल्या वर्षी स्वतःला एक पाकीट पाठवलं, आत काही नव्हतं, पण आलं तेव्हा बरं वाटलं. काही गोष्टी अशाही निघाल्या ज्या कोचवाल्यांनी बायकोलाही सांगितल्या नाहीत. तिने विचारलं तर "हं". आणि हा हं कुठला, ते पहिल्यांदाच तिला ओळखता आलं नाही.

सगळ्यांत गंमत न्हाव्याची. जगातली एकूणएक बातमी ज्याच्या तोंडी, तो पडला आणि गप्प. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. कोचवाल्यांनी झोपला का म्हणून वाकून बघितलं तर टक्क जागा.

"काय रे?"

"काही नाही," न्हावी म्हणाला. "किती शांत आहे रे तुझ्या दुकानात. माझ्या दुकानात कोण बडबडतं कोण जाणे."

बुधवारपर्यंत खळगा धरू लागला होता. डोक्याशी वाटीएवढा, कमरेशी रुंद, टाचांपाशी दोन लहान. पण कोचवाले तळहात फिरवून बघत आणि मान हलवत. काहीतरी उणं होतं.

गुरुवारी दुपारी रांगेत एक म्हातारी बाई होती. पांढरे केस बारीक कापलेले, हातात काठी. पाटीवर नाव नव्हतं. बायकोने विचारलं तर म्हणाली, "एका बसचालकाने सांगितलं. दर गुरुवारी तो माझ्याकडे मनातलं बोलायला येतो. आज म्हणाला, येत नाही, गल्लीत कोचवाल्यांकडे पडायला जायचंय. ते नुसतं हं म्हणतात, म्हणाला, पण काय म्हणतात. मला बघावंसं वाटलं."

तिची पाळी आली. तिने बूट काढून शेजारी शेजारी ठेवले, काठी कोचाला टेकवली आणि कितीतरी वेळा केलेलं असावं अशा सवयीने मागे रेलली. कोचवाल्यांनी खिळे तोंडात भरले. बाईंनी डोकं इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं, खांदा दाबून बघितला. मग छताला म्हणाल्या,

"हा तो नाही."

हातोडी थांबली. कोचवाल्यांनी एकेक खिळा काढून वाटीत टाकला. बराच वेळ नुसता टणटण आवाज येत राहिला. दाराशी न्हावी होता. बाई कोण हे आता सगळ्यांना कळलं होतं.

"नाही," कोचवाले म्हणाले. "तो मी काढून टाकला, बाई. कुणी सांगितलं नव्हतं. सचिवांचा काही दोष नाही. मला वाटलं, मी बरं करतोय." आणि मग पोत्यांपासून टपालवालीपर्यंत सगळं सांगितलं, तिच्या पाकिटाचं सोडून.

बाई पडल्या पडल्याच ऐकत होत्या. झालं तेव्हा म्हणाल्या, "आणि ती स्प्रिंग?"

ती खिडकीच्या कट्ट्यावर पडली होती. कोचवाल्यांनी आणून हातात दिली. बाईंनी ती डोळ्यांजवळ धरली, टिचकी मारली. ती थरथरत राहिली.

"सहा वर्षं ही मला इथे टोचत होती," त्यांनी डावा खांदा दाखवला. "मी डॉक्टरांना म्हटलं, मला इथे सतत काहीतरी टोचतं. ते म्हणाले, कोण टोचतं? मग मी आईबद्दल बोलायला लागले."

"मग?"

"मग काय, आईबद्दल पुष्कळ निघालं. दोन वर्षं पुरलं. पुढे त्या टोचणीवर मी लेख लिहिला. सव्विसाव्या वर्षाचा दुसरा अंक. चार भाषांत गेला."

कोचवाल्यांना राहवलं नाही. "स्प्रिंगच होती, बाई. आई निर्दोष."

बाई आधी नुसत्या हलल्या. मग चष्मा काढावा लागला. एवढंसं ते शरीर, पण हसताना सगळा कोच हलत होता, आणि दाराशी न्हावी, पाटीपाशी बायको, रांगेतले दोघे, सगळे कशाला हसतोय हे नीट न कळता हसत होते.

"मला जुना खळगा हवा होता," डोळे पुसत बाई म्हणाल्या. "पण तो तरी कुणाचा होता? अशाच माणसांचा. हा चालेल. फक्त खांद्यांपाशी उथळ आहे. बोलताना माणूस खांदे उचलून धरतो. इथे सगळे बोललेत. कुणी स्वस्थ पडणारा हवा, जरा वजनदार."

न्हाव्याने बोट दाखवलं. बायकोने मान डोलावली. कोचवाले म्हणाले, "मी? मी करणारा."

"पडा," बाई म्हणाल्या, आणि उठून त्यांच्या स्टुलावर जाऊन बसल्या.

आपण बसवलेल्या कोचावर पाठ टेकायची कोचवाल्यांची ही पहिलीच वेळ. ते अवघडून पडले, हात छातीवर, रिकामं तोंड काय करावं न कळून मिटलेलं.

"काय बोलू?"

"मनात येईल ते."

"मधल्या पट्टीला ताण जरा जास्त झालाय, असं मनात येतंय."

"हं," बाई म्हणाल्या.

तो हं कोचवाल्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पलीकडच्या बाजूने ऐकला. बरा वाटला. पुढे काहीतरी सांगायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि ते झोपले. आठवडाभर शनिवारची धास्ती धरून बसलेलं अंग एकदम सुटलं. घोरणं न्हाव्याच्या दुकानापर्यंत गेलं. बाईंनी उठवू दिलं नाही. सासूबाई पायऱ्या उतरून आल्या, दोघी म्हाताऱ्या खुर्च्या जवळ ओढून सव्वा तास कुजबुजत बसल्या, आणि उंच हातांच्या खुर्चीची हकीकत एका नामवंत डॉक्टरांपुढे सविस्तर मांडली गेली.

कोचवाले जागे होऊन ओशाळून उठले, आणि उठताच त्यांचा हात कोचावर गेला. खांद्यांपाशी सावकाश उतार आला होता, दोन्ही बाजूंना सारखा. झोपलेल्या माणसाने काहीच राखून ठेवलेलं नसतं. त्यांनी एकदा वरून खालपर्यंत तळहात फिरवला आणि या खेपेस मान हलवली नाही.

शनिवारी छायाचित्र दुकानातच काढलं, उंच खिडकीच्या सकाळच्या उजेडात. सचिव आले ते बाईंना तिथे बघून दारातच थबकले. "बाई, मला तुम्हाला काही सांगायचं होतं."

"सांगा की," बाई म्हणाल्या. "चित्र झालं की पडून सांगा."

अंक महिन्याभराने आला. मुखपृष्ठावर हिरवा खळगा, एका बाजूने उजळलेला, डोंगरातलं एखादं खोरं वरून दिसावं तसा. आत बाईंनी संपादकीयात सगळं खरं लिहिलं होतं: सपाट कोच, गल्लीतली माणसं, स्प्रिंग, आणि सव्विसाव्या वर्षाच्या लेखावर एक लहानशी दुरुस्ती. बायकोने ते मोठ्याने वाचून दाखवलं, पाळी लावून पडून गेलेल्या सगळ्यांना, दोनदा.

मग पत्रं यायला लागली. एका डॉक्टरांनी कळवलं की त्यांनी आपला कोच उसवून बघितला, आत दोन नाणी आणि एक कानातलं सापडलं. दुसऱ्या एका बाईंनी विचारलं, कोच कुरकुरतो, ती कुरकुर रुग्णाची समजायची की कोचाची? त्याचं उत्तर कोचवाल्यांनी तेलाच्या कुपीच्या चित्रासकट पाठवलं. एक पत्र मात्र फार लांबून आलं होतं. एका नव्या दवाखान्याचं, तरुण मुलीचं असावं. तिने लिहिलं होतं की कोच कोरा आहे, भिंतींचा रंगही ओला आहे, लोक अजून यायला लागले नाहीत. तुमच्या खळग्याचं चित्र भिंतीवर लावलंय. आमच्याकडे असा कधी पडेल?

हे पत्र कोचवाल्यांनी दोन दिवस जवळ ठेवलं. तिसऱ्या दिवशी बायकोला कागद घेऊन बसायला सांगितलं. स्वतः खिळे बाजूला ठेवले.

"लिही," ते म्हणाले. "पोती ठेवू नका. घाई करू नका. येईल त्याला पडू द्या. आधी एकच येईल, तोही अवघडून पडेल. असू दे. कापड धुऊ नका, झटका. आणि पहिला माणूस उठून गेला की लगेच थोपटून सारखं करू नका. मोह होतो. हात मागे बांधून उभ्या राहा."

बायकोने लिहिलं, आणि वर बघितलं. "एवढंच?"

कोचवाले विचार करत होते. खिडकीपाशी बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली.

"जेवल्यावर बोलवा म्हणावं माणसं," त्या म्हणाल्या. "वजन भरतं."

बायकोने तेही लिहून टाकलं.